विनय कुणाचा मोडला?

दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र आले, की आमच्या घरी दरवर्षी दोन गोष्टी घडतात. मी चष्मा पुसू लागतो, आणि आमच्या सौभाग्यवती पत्राची शेवटची ओळ आधी वाचतात. कारण मानधनाचा उल्लेख तेथे असतो. यंदा त्या ओळीत लिहिले होते, 'मानधन अर्थातच मॉडेस्ट राहील.'

"मॉडेस्ट म्हणजे किती?" सौभाग्यवतींनी विचारले.

चौतीस वर्षे मी निलंग्यात इंग्रजी शिकवले. 'मॉडेस्ट म्हणजे विनयशील' हा अर्थ किती पिढ्यांच्या वह्यांत उतरवून दिला, त्याची गणती नाही. पण या प्रश्नापुढे त्या अर्थाचा काडीइतका उपयोग होईना. मानधन विनयशील राहील म्हणजे काय? ते उंबऱ्यापाशी चपला काढून, मान खाली घालून आत येणार?

"थोडे," मी म्हणालो.

"मग 'थोडे' असं सरळ लिहायला त्यांना लाज वाटली का?"

वाचकहो, त्या माउलीला कल्पना नव्हती, पण आमच्या या चार वाक्यांच्या संवादात एका इंग्रजी शब्दाचा सगळा संसार येऊन गेला होता. विनय, थोडे आणि लाज! 'मॉडेस्टी' या एका शब्दाचे हे तीन अर्थ. शब्द मुळात लॅटिन घराण्यातला. 'मोडस' म्हणजे माप. जो मापात राहतो तो मॉडेस्ट. स्वतःविषयी मापात बोलला, तर तो विनयशील. मिळकत, घर, अपेक्षा मापात असल्या, तर त्या माफक. आणि कपडा, नजर व वागणे मापात असले, तर ती लाज, मर्यादा, शालीनता. इंग्रजांनी ही तीन भावंडे एकाच खोलीत कोंडून ठेवली. आपण मराठी माणसांनी त्यांना वेगवेगळी घरे बांधून दिली.

आणि घरे तरी किती ऐसपैस! इंग्रज 'मॉडेस्ट' मिळकतीवर भागवतो. आपली 'परिस्थिती बेताची' असते. त्याने 'मॉडेस्ट' देणगी दिली, तर आपण 'फूल ना फुलाची पाकळी' देतो. त्याचा कार्याला 'मॉडेस्ट' हातभार लागतो; आपण मात्र 'खारीचा वाटा' उचलतो आणि बोलता बोलता थेट सेतुबंधापर्यंत जाऊन पोचतो. उलट त्याच्याकडे काही गमतीही आहेत. कचेरीतल्या टेबलाला पुढच्या बाजूने जी फळी मारतात, बसणाऱ्याचे पाय समोरच्याला दिसू नयेत म्हणून, तिला इंग्रजीत 'मॉडेस्टी पॅनेल' म्हणतात. आमचे सुतारकाका तिला नुसती 'पुढची फळी' म्हणतात. टेबलाच्या लज्जारक्षणाचे पुण्यकर्म आपल्या हातून घडते आहे, याची त्यांना वार्ताही नाही.

या संसारात आणखी एक सोयरा आहे. त्याचे नाव संकोच, आणि आपल्याकडे त्याला लाडाने भीड म्हणतात. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण तिचा अर्थ कळला तो 1993 साली. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा आणि उमरगा या भागांतली गावेच्या गावे मातीला मिळाली. मदतीच्या रांगा लागल्या. एका रांगेत मी घोंगड्या वाटायला उभा होतो. बाजूला लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला फेटा नव्हता, अंगावर धुळीचे थर होते. मी त्यांना रांगेत यायला सांगितले. ते म्हणाले, "दुसऱ्यांना द्या आधी." तीन वेळा विचारले, तीनदा तेच उत्तर. ज्यांच्या ओसरीवरून कोणी उपाशी गेले नसेल, त्यांना हात पुढे करता येत नव्हता. शेवटी मी घोंगडी त्यांच्याशेजारी ठेवली आणि पाठ फिरवली. तेव्हा मनात आले, की या गुणाचे आपण किती कौतुक करतो. पण थंडीत कुडकुडण्याची पाळी येते ती ज्याच्या अंगी हा गुण असतो, त्याच्यावरच.

हा विचार मी तेथेच सोडून दिला, ही माझी चूक. तो पुढे नेला असता, तर गेल्या वर्षी भाचीपुढे मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली नसती.

पण ती हकीकत सांगण्यापूर्वी हा शब्द आमच्या गावी आला कसा, ते सांगायला हवे. निलंगा म्हणजे तीन भाषांच्या तिठ्यावरचे गाव. निजामाच्या राज्यात हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बीदर तिकडे गेले आणि निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके इकडे उस्मानाबाद जिल्ह्यात आले; 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आम्ही लातूरकर झालो. नीलकंठेश्वराच्या हेमाडपंती देवळातला घंटानाद ऐकत वाढलेली माझ्या वडिलांची पिढी घरात मराठी बोले, कचेरीत उर्दू लिही आणि बाजारात कन्नड समजून घेई. वडील तालुका कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. कोणा बाईवर कोणी वाईट हेतूने हात टाकला, की अर्जात ते लिहीत, 'अब्रूला हात घातला.' अब्रू हा शब्द फारसीतून आलेला. त्यात 'आब' म्हणजे पाणी. चेहऱ्यावरचे पाणी, तेज. ते एकदा उतरले, की उतरले!

हिंदुस्थानात इतरत्र 1860 ची दंडसंहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू होती. हैदराबाद राज्याची मात्र स्वतःची दंडसंहिता होती. 1948 साली हैदराबाद मुक्त झाले, आणि 1951 च्या एप्रिलपासून इंग्रजांनी केलेला तो जुना कायदा आमच्याकडे लागू झाला. त्यातले कलम 354 म्हणजे स्त्रीच्या 'मॉडेस्टी'वर आघात करण्याच्या हेतूने केलेला हल्ला किंवा बळजोरी. कलम 509 म्हणजे तिच्या 'मॉडेस्टी'चा अपमान करणारा शब्द किंवा हावभाव. गंमत अशी, की या जाडजूड संहितेत चोरीची व्याख्या आहे, दंग्याची आहे, पण 'मॉडेस्टी'ची नाही. कायदा करणाऱ्यांना ती इतकी उघड वाटली, की सांगायची गरजच भासली नाही.

पुढे हा शब्द आपापल्या भाषेत आणताना प्रत्येकाने वेगळे दार ठोठावले. हिंदीने 'लज्जा' घेतली आणि 'लज्जा भंग' केला. आमच्या शेजारच्या कन्नडात 'मानभंग' ऐकायला मिळतो. आपण मराठीने 'विनय' उचलला आणि 'विनयभंग' केला. एकच गुन्हा, पण एकीकडे बाईची लाज गेली, दुसरीकडे मान गेला, आमच्या वडिलांच्या अर्जात अब्रू गेली, आणि मराठीत विनय मोडला. काही ना काही बाईचेच गेले, याबद्दल मात्र चारही भाषांचे एकमत!

आता हकीकत. माझी भाची पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरात राहते. गेल्या वर्षी दसऱ्याला ती बसने घरी येत होती. रात्रीची वेळ, गाडीला गर्दी. शेजारच्या आसनावर पन्नाशीचे एक गृहस्थ; इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. तिला झोप लागली असे पाहून त्या गृहस्थांचा हात आपली जागा सोडून हिंडू लागला. ती जागीच होती. तिने हात झिडकारला आणि मला फोन लावला. आमच्या घरात शिकलेला माणूस मी, अक्काने तिला लहानपणापासून सांगून ठेवलेले, "अडचण आली, तर मामाला विचार."

"मामा, मी काय करू?" तिने विचारले. आवाज दबका होता, पण कापत नव्हता.

आणि मी, तिचा मामा, अर्जनवीसाचा मुलगा, चौतीस वर्षांचा शिक्षक, म्हणालो, "अगं, जागा बदलून बस आणि घरी ये. शहाण्या मुलीनं चारचौघांत बोभाटा करू नये."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग फोन बंद झाला.

पुढचे मला नंतर कळले. ती उठून उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात कंडक्टरना हाक मारली. त्या भल्या माणसाने दिवे लावले, गाडी थांबवली. दोन बायका आणि एक कॉलेजातला मुलगा साक्षीला उभे राहिले. पुढच्या गावी गाडी ठाण्यावर गेली. मी एका मित्राची जीप मागून घेऊन पोचलो, तेव्हा तिचा जबाब चालू होता. जबाब घेणाऱ्या फौजदार बाई वयाने तिच्याहून फार मोठ्या नव्हत्या. अशा गुन्ह्यात बाईचा जबाब स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. गुन्हा कोठल्या हद्दीत घडला याचा घोळ न घालता कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, आणि नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. हे मला त्या रात्री समजले. वाचकांनीही ध्यानात ठेवावे. वेळ सांगून येत नाही.

फौजदार बाईंनी लिहिलेले वाचून दाखवले. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. 354 चे आता कलम 74 झाले आहे, 509 चे 79. आकडे बदलले, शिक्षा तर 2013 सालीच वाढली होती. 74 खाली आता निदान एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद. शब्द मात्र तोच राहिला. वाचता वाचता त्या 'विनयभंग' या शब्दापाशी आल्या, तेव्हा भाचीने विचारले, "बाई, एक विचारू? माझा विनय कुठे मोडलाय? तो तर जागच्या जागी आहे. मोडला तो त्यांचा."

फौजदार बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "कायद्यातला शब्द आहे, ताई. मला बदलता येत नाही. पण तुमचं म्हणणं खरं आहे." आणि भाचीने सही केली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एक जुनी वही आणून तिने माझ्यापुढे ठेवली. सहावीत असताना मीच तिला शब्द लिहून दिले होते, ती वही. माझेच वळणदार अक्षर. 'मॉडेस्ट: विनयशील.' आणि त्याखाली माझे नेहमीचे उदाहरण, चौतीस वर्षे प्रत्येक वर्गाला घातलेले: 'विनयशील मुलगी हळू बोलते.'

"मामा," ती म्हणाली, "उदाहरणात मुलगीच का घातली तुम्ही? आणि हळू बोलायचा नि विनयाचा काय संबंध?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री फोनवर मी तिला जे सांगितले, ते या वाक्याचेच दुसरे रूप होते. तिने हळू बोलायचे, तिने जागा बदलायची. लिंबाखालच्या म्हाताऱ्यासारखे तिनेच कुडकुडायचे!

मग मी, म्हातारपणी, अभ्यासाला बसलो. एका वकील विद्यार्थ्याकडून जुने निवाडे आणून वाचले. सर्वोच्च न्यायालयापुढे 1966 साली पंजाबातला एक खटला आला होता. त्यातली तक्रार साडेसात महिन्यांच्या तान्ह्या मुलीवरील अत्याचाराची होती. घृणास्पद तपशील या पानावर नकोत. पण कायद्याचा प्रश्न असा उभा राहिला, की इतक्या लहान जिवाला 'मॉडेस्टी' असते काय? जिला लाज म्हणजे काय ते कळत नाही, तिची लाज जाणार कशी? उच्च न्यायालयात 'हे कलम लागत नाही' असे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयातही तिघांपैकी सरन्यायाधीश सरकार यांचे मत तसेच पडले. पण इतर दोघांनी बहुमताने उलट निर्णय दिला. त्यांतले एक न्यायमूर्ती बचावत. त्यांचे म्हणणे असे, की स्त्री लहान असो वा वृद्ध, जागी असो वा झोपलेली, तिच्यापाशी ही गोष्ट जन्मापासून असतेच. दुसरे होते आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. 1912 च्या काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. त्यांनी पाहिले ते कृत्य. चारचौघांच्या समजुतीप्रमाणे ते कृत्य उघड उघड त्या स्वरूपाचे असेल, तर गुन्हा झाला. त्या बाळाला काय कळले, हे विचारण्याचे कारणच नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात व्याकरणाच्या मास्तराची घंटा वाजली. 'भंग' जोडलेले मराठी शब्द दोन जातींचे असतात. 'अस्थिभंग' म्हटले, की मोडलेले हाड ज्याला लागले त्याचे. पण 'आज्ञाभंग', 'नियमभंग', 'शांतताभंग' म्हटले, की मोडणारा गुन्हेगार; त्याने पाळायची ती गोष्ट त्यानेच मोडलेली. 'विनयभंग' हा शब्द आपण आजवर अस्थिभंगासारखा वाचीत आलो; जणू बाईचे काही मोडले, आता ते सांधले जायचे नाही. पण तो आज्ञाभंगासारखा का वाचू नये? 'विनय' हा शब्द मुळात वळण, शिस्त या अर्थाचा. बौद्ध भिक्षूंनी कसे वागावे याचे नियम ज्या ग्रंथात आहेत, त्याला 'विनयपिटक' म्हणतात. त्यात लाजण्याबिजण्याचा उपदेश नाही, वागण्याचे नियम आहेत. मग ज्याने शेजारणीच्या आसनाची मर्यादा ओलांडली, त्यानेच हे नियम मोडले. इस्त्रीचा सदरा आणि गंध तसेच राहिले, आणि विनय मोडला तो त्याचा! व्याकरण भाचीच्या बाजूचे होते. मी उगाच विरुद्ध पक्षात जाऊन बसलो होतो.

कोणी म्हणेल, शब्दाने काय होते? पुष्कळ होते. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिकाच काढली. सरन्यायाधीश होते आपले धनंजय चंद्रचूड. स्त्रियांविषयी सवयीने लिहिले जाणारे कोणते शब्द टाळावेत आणि त्यांच्या जागी काय लिहावे, याची त्यात यादी आहे. 'ईव्ह टीझिंग' म्हणजे थट्टामस्करी नव्हे, तो रस्त्यावरचा लैंगिक छळ आहे, तसेच लिहावे. एखाद्या स्त्रीला 'चारित्र्यवान' असे विशेषण न लावता नुसते 'स्त्री' म्हणावे. इतक्या मोठ्या न्यायालयाला शब्द निवडून घ्यावेसे वाटतात. मग निलंग्याच्या एका निवृत्त मास्तराने आपल्या एका उदाहरणाची दुरुस्ती करायला हरकत कोणती?

परवा भाऊबीजेच्या तयारीला अक्का पुढे आली, तिच्याबरोबर भाचीही. मी ती वही काढली. लेखणी घेतली आणि जुन्या वाक्यावर रेघ मारली. खाली लिहिले, 'विनयशील माणूस आपला हात आपल्या जागी ठेवतो.' वही तिच्यापुढे केली. तिने वाचले. "इंग्रजीत सांगा," ती म्हणाली. मी सांगितले. तिने एक उपपद चुकल्याचे दाखवून दिले. तिची दुरुस्ती बरोबर होती.

आज सकाळी हा लेख घेऊन बाहेर पडलो, तो चौकातल्या गाड्यावर निलंगा राईसची कढई नुकतीच उतरली होती. गाडेवाल्याने भज्यांची ताटली पुढे सारीत विचारले, "काय लिहिलालाव, सर, एवढं?" मी म्हणालो, "एका शब्दाचा अर्थ चुकला होता, तो दुरुस्त करतोय." तो म्हणाला, "तुमचा? तुमचा कसा चुकेल?" चौतीस वर्षांत गावाने दिलेली ही पदवी! ती नाकारायला थोडा विनय लागला. या खेपेला तो योग्य जागी खर्च झाला, असे वाटते.

खटल्याची तारीख दिवाळीनंतर आहे. भाचीने मला बरोबर यायला सांगितले आहे. "विचारायला नाही, नुसतं बसायला," असे बजावून. मी जाणार आहे. संपादकांचे मानधन मॉडेस्ट असले, तरी दोघांच्या जाण्यायेण्याच्या बसभाड्याला ते पुरेल. सौभाग्यवतींना मी 'मॉडेस्ट म्हणजे किती' याचे उत्तर आता असेच दिले आहे, आणि या वेळी त्यांनी ते मान्य केले.